दुधाचा साबण : वजनाने करावा, जपून करावा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावावे, दुधात किंवा साईत कालवलेले उटणे चोळावे आणि मग ऊन पाण्याने न्हावे, ही आपल्याकडील जुनी रीत. तान्ह्या बाळाला डाळीचे पीठ आणि साय लावून न्हाऊ घालण्याची पद्धतही अनेक घरांत होती आणि काही घरांत ती आजही आहे. तेल, दूध आणि अंगाची स्वच्छता यांची सांगड मराठी माणसाला अशी जन्मापासून परिचयाची. त्यामुळे महिला बचत गटांच्या प्रदर्शनांत ‘शेळीच्या दुधाचा साबण’ अशी पाटी दिसली की गृहिणींची पावले तेथे आपोआप थांबतात. हा साबण घरी करता येईल का, त्यासाठी काय लागते, आणि दूध घातल्याने त्यात नेमके काय वाढते, हे प्रश्नही मग ओघाने येतात. त्यांची उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास अशाच एका गटाच्या साबणवर्गात बसावयास मिळाले. कलाशाखेच्या पदवीधराला रसायनशास्त्राचा गंध तो किती असणार! परंतु तेथे घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने या विषयाचे मर्म ध्यानात आले. पहिल्या दिवशी शिकवलेली कृती घरी करून पाहिलेल्या एक ताई दुसऱ्या वेळी झाकणाचा डबा घेऊन आल्या. डब्यात तेलकट पांढरे पाणी होते.

“बाई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. दूधसुद्धा घरच्या शेळीचं घातलं. तीन दिवस झाले, तरी हे आपलं ताकासारखं पातळच!”

शिकवणाऱ्या बाईंनी डब्यात डोकावून विचारले, “ताई, सोडा कोणता आणलात?”

“धुण्याचा. वाण्यानं तोच दिला.”

“मग तेलच गेलं एवढंच. चूक दुसऱ्या बाजूला झाली असती, तर तुमच्या पोरांच्या अंगाची आग झाली असती.”

या दोन बाजूंमधील वाट म्हणजेच साबण करण्याची विद्या होय. दूध, तेल, सुगंध यांची चर्चा सर्वत्र होते. परंतु साबण चांगला होतो की घातक होतो, हे ठरते ते त्यात घातलेल्या कॉस्टिक सोड्याच्या वजनावर.

साबण म्हणजे काय?

तेल किंवा चरबी यांचा तीव्र अल्कलीशी संयोग झाला म्हणजे साबण तयार होतो. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. तेलाच्या घटनेत ग्लिसरीन आणि वसाम्ले एकमेकांना जोडलेली असतात. कॉस्टिक सोडा हा जोड तोडतो. वसाम्लांशी संयोग पावून त्यांचा साबण बनवतो आणि ग्लिसरीन मोकळे करतो. क्रिया पूर्ण झाली आणि सोड्याचे प्रमाण बरोबर असले, म्हणजे साबणात कॉस्टिक सोडा शिल्लकच राहत नाही. ज्या पदार्थाने हाताची कातडी भाजते, त्याच पदार्थापासून बाळाच्या अंगाला लावावयाची वडी तयार होते, ती या कारणाने.

फ्रान्समधील निकोला लब्लां याने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याची रीत शोधली. तोवर साबणासाठी लाकडाच्या किंवा सागरी वनस्पतींच्या राखेतील क्षारावर भिस्त होती. पुढे मिशेल शेव्हरल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेलाची आणि चरबीची घटना उलगडून दाखविली, आणि साबणाच्या धंद्याला शास्त्राचा पाया लाभला. आपल्या देशात म्हैसूर संस्थानने १९१६ साली बंगलोर येथे चंदनतेलाच्या साबणाचा कारखाना काढला, तो प्रसिद्धच आहे. त्यापूर्वी आपल्या घरांत रिठे, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि राख हीच धुण्याची व न्हाण्याची साधने होती.

मोठ्या कारखान्यांत साबणातून ग्लिसरीन पुष्कळदा मिठाच्या पाण्याने वेगळे काढून घेतात, कारण त्याला स्वतंत्र बाजारपेठ आहे. घरगुती साबणात ते वडीतच राहते. घरच्या साबणाने अंग कमी ओढल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे होय.

तीन सोडे, तीन गुण

आपल्या घरांत ‘सोडा’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या पदार्थांना लावला जातो, आणि वर्गातील ताईंची फसगत झाली ती याच ठिकाणी. भजी हलकी होण्यासाठी घालतात तो खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. कपड्यांसाठी वापरतात तो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. तिसरा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. येथे दिलेल्या कृतीने तेलाचा साबण होतो तो केवळ तिसऱ्यानेच. पहिले दोन त्यासाठी पुरेसे तीव्र नाहीत.

कॉस्टिक सोडा पांढऱ्या पापुद्र्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मिळतो. तो हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. पुडी उघडी राहिली तर त्याला पाणी सुटते आणि त्याचा काही भाग धुण्याच्या सोड्यात पालटतो. मग वजन बरोबर भरले तरी जोर कमी पडतो. म्हणून तो घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा, डब्यावर ठळक अक्षरांत ‘विष – कॉस्टिक सोडा’ असे लिहावे आणि तो कुलपात ठेवावा. मिठाच्या, साखरेच्या किंवा पाण्याच्या भांड्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्याही भांड्यात तो कधीही ठेवू नये.

दुधाचे काम

आता दुधाकडे वळू. शेळीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात स्थूलमानाने ४ टक्के स्निग्धांश, साडेतीन टक्के प्रथिने आणि साडेचार टक्के दुग्धशर्करा असते. गाईच्या दुधाचे चित्र साधारण असेच. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्क्यांपर्यंत जातो. साबणासाठी यांपैकी कोणतेही दूध चालते. शेळीचे दूधच हवे, असा रसायनशास्त्राचा आग्रह नाही.

दुधातील स्निग्धांशाचा सोड्याशी संयोग होऊन त्याचाही साबण बनतो. दुग्धशर्करेमुळे फेस मऊ आणि भरपूर येतो. परंतु हीच शर्करा उष्णता आणि अल्कली यांच्या संगतीत आली की करपल्यासारखी होऊन मिश्रण पिवळे, नारिंगी आणि शेवटी तपकिरी होते. प्रथिनांवर सोड्याची क्रिया होऊन अमोनियासारखा उग्र दर्पही सुटतो. तो काही दिवसांत उडून जातो. म्हणून दुधाचा साबण करताना एक सूत्र ध्यानी धरावे : दूध गार, हात सावकाश.

पुढे दिलेल्या कृतीत १ किलो तेलाला १५० ग्रॅम दूध घेतले आहे. त्यात पाणी वजा जाता दुधाचे घन पदार्थ सुमारे १९ ग्रॅम उरतात. त्याच्या बारा वड्या पाडल्या तर एका वडीत ते दीड ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे ‘दुधाचा साबण’ हा मूलतः तेलाचाच साबण असतो. दुधाने त्याच्या फेसाला आणि स्पर्शाला मार्दव येते, हे खरे. पण त्याने इसब, नायटा किंवा कोड बरे होते, रंग उजळतो, हे म्हणणे खरे नव्हे. साबण काही क्षण अंगावर राहतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. तो औषध नव्हे. ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांनी तर असा साबण डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.

साहित्य आणि हिशेब

नवशिक्या गृहिणीने पहिल्या खेपेस पुढील प्रमाण घ्यावे :

खोबरेल तेल ४५० ग्रॅम
पामतेल ४५० ग्रॅम
एरंडेल तेल १०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा १४५ ग्रॅम
पाणी, उकळून गार केलेले, १६० ग्रॅम
दूध, उकळून साय काढलेले व अगदी गार, १५० ग्रॅम

खोबरेलाने वडी टणक होते आणि फेस पुष्कळ येतो. मात्र एकट्या खोबरेलाचा साबण कातडीला कोरडा वाटतो. पामतेलाने वडी टिकाऊ होते. एरंडेल फेसाला धरून ठेवते.

सोड्याचे १४५ ग्रॅम आले कोठून, हे समजून घेणे अगत्याचे आहे. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी असते. १०० ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण होण्यास सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, पामतेलास १४.१, शेंगदाणा तेलास १३.६ आणि एरंडेलास १२.८ ग्रॅम. या हिशेबाने ४५० ग्रॅम खोबरेलास ८२.३, ४५० ग्रॅम पामतेलास ६३.५ आणि १०० ग्रॅम एरंडेलास १२.८, मिळून सुमारे १५८.६ ग्रॅम सोडा लागेल. परंतु एवढा सोडा आपण घालत नाही. त्यातून सुमारे ८ टक्के कमी करतो, म्हणजे काही तेल साबण न होता वडीत तसेच राहते. हे शिल्लक तेल अंगाला स्निग्धता देते. त्याहूनही महत्त्वाचे असे की, वजनात एखाद्या ग्रॅमची चूक झालीच, तर ती सोड्याच्या बाजूस न जाता तेलाच्या बाजूस जाते.

आता समजा, खोबरेल महाग पडते म्हणून एखाद्या भगिनीने त्याऐवजी ४५० ग्रॅम शेंगदाणा तेल घेतले आणि सोडा मात्र पूर्वीइतकाच घातला. शेंगदाणा तेलाची भूक कमी. त्या मिश्रणास सर्व मिळून १३७ ग्रॅमच सोडा पुरतो. घातलेला सोडा १४५ ग्रॅम. म्हणजे सुमारे ८ ग्रॅम कॉस्टिक सोडा मोकळाच राहिला. वडी दिसावयास सुरेख होईल, आणि अंगावर फिरवताच आग होईल. म्हणून तेल बदलले की हिशेब बदललाच पाहिजे.

याच कारणासाठी सारे जिन्नस वजनाने घ्यावेत. वाटीने, पेल्याने किंवा अंदाजाने घेऊ नयेत. सोड्याचे पापुद्रे आणि दाणे एकाच वाटीत वेगवेगळ्या वजनाचे भरतात. स्वयंपाकात हाताच्या अंदाजाला मान आहे, साबणात नाही. १ ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा हीच या उद्योगाची पहिली गुंतवणूक होय.

आधी तयारी

भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकची घ्यावीत. ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपण ज्याला ‘जर्मन’चे पातेले म्हणतो ते, मुळीच घेऊ नये. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. कल्हईची किंवा जस्ताची भांडीही वर्ज्य समजावीत. काचेचे भांडे उष्णतेने तडकण्याचा संभव असतो. साबणासाठी घेतलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत.

डोळ्यांवर सर्व बाजूंनी बंद असा चष्मा, हातांत रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांत बंद चपला किंवा बूट हवेत. पदर खोचून घ्यावा. काम अंगणात किंवा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत करावे आणि वाफ नाकात जाऊ देऊ नये. वाहते पाणी हाताशी असावे. लहान मुले आणि पाळीव जनावरे त्या जागी मुळीच नसावीत. मूल झोपले आहे म्हणून काम काढले आणि मध्येच ते उठून आले, असे होण्यासारखी वेळ निवडू नये. उन्हाळ्यात हे काम पहाटे करणे उत्तम, कारण दुपारच्या उष्म्यात दूध लवकर तपकिरी होते.

कृती

प्रथम १६० ग्रॅम पाणी स्टीलच्या भांड्यात घ्यावे. त्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा घालून स्टीलच्या पळीने हळूहळू ढवळावे. सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिश्रण एकाएकी उकळून अंगावर उडते. विस्तव नसतानाही हे पाणी उकळत्या पाण्याच्या जवळपास तापते. सोडा संपूर्ण विरघळल्यावर भांडे थंड पाण्याच्या परातीत सुरक्षित जागी ठेवावे आणि झाकून निवू द्यावे.

दरम्यान तिन्ही तेले एकत्र करावीत. खोबरेल थिजले असेल तर मंद आचेवर केवळ वितळण्यापुरते तापवावे आणि कोमट होऊ द्यावे. मग गार दूध त्यात ओतून ढवळावे. तेल व दूध या वेळी एकजीव होणार नाहीत. त्याची चिंता नको.

सोड्याचे पाणी हाताला भांडे बाहेरून जेमतेम कोमट लागेल इतके निवाले, की ते बारीक धारेने तेलादुधात सोडावे. एका हाताने धार, दुसऱ्या हाताने ढवळणे. सोड्याच्या संपर्काने दूध क्षणभर पिवळसर दिसेल. हँड ब्लेंडर असल्यास तो मिश्रणात पूर्ण बुडवूनच थोडा वेळ चालवावा, बंद करून ढवळावे, पुन्हा चालवावा. अशाने काही मिनिटांत मिश्रण दाट होते. पळीने ढवळल्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले आणि पळीतून पडलेल्या धारेची रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली, म्हणजे ते साच्यात ओतण्यास तयार झाले असे समजावे.

लाकडी खोक्यास आतून बटर पेपर लावून साचा करता येतो. सिलिकॉनचे साचे बाजारात मिळतात. मिश्रण ओतून साचा दोन-तीन वेळा हलकेच आपटावा, म्हणजे आतील हवा निघते. साध्या साबणाचा साचा पुष्कळजण घोंगडीत गुंडाळतात. दुधाच्या साबणाचा मात्र गुंडाळू नये. तो थंड आणि हवेशीर जागी ठेवावा, कारण या काळातही आतून उष्णता निर्माण होत असते.

हात बसल्यावर सर्वच पाणी वगळून त्याजागी दूध घेण्याची रीतही करून पाहता येते. तीत ३१० ग्रॅम दुधाचा प्रथम बर्फ करतात, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि त्या दुधाच्या बर्फावर सोडा चमच्या-चमच्याने भुरभुरवीत ढवळतात. सोड्याच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि दूध करपत नाही. मात्र घाई झाली तर दूध तपकिरी होते व फाटल्यासारखे दिसते. आणि सोड्याचा एखादा कण न विरघळता राहिला तर तो वडीत तसाच सापडतो. म्हणून आरंभ पहिल्या रीतीनेच करावा.

साच्यातून फळीवर

एक ते दोन दिवसांत साबण घट्ट होतो. मोजे घालूनच तो साच्यातून काढावा आणि त्याच्या बारा वड्या पाडाव्यात. ओली वडी सुमारे १२० ग्रॅमची भरते. वाळल्यावर ती १०० ते ११० ग्रॅमची होते. वड्या लाकडी फळीवर किंवा बांबूच्या सुपलीत एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात आणि सावलीत, वाऱ्यावर चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. मधूनमधून त्यांची कूस बदलावी. साबणीकरण पहिल्या दोन-तीन दिवसांतच बहुतेक पुरे होते. पुढील आठवडे असतात ते पाणी उडून वडी टणक आणि सौम्य होण्यासाठी. ही सबुरी ज्याला नाही, त्याची वडी न्हाणीघरात चार दिवसांत विरघळून जाते.

वापरलेल्या भांड्यांना लागलेले कच्चे मिश्रणही दाहक असते. ते जुन्या कागदाने पुसून घ्यावे, भांडी एक दिवस तशीच ठेवावीत आणि मग मोजे घालून धुवावीत.

चुका आणि खुणा

वडीवर पांढरी भुकटी धरली तर ती बहुधा हवेतील कार्बन डायऑक्साइडने बनलेला धुण्याचा सोडा असतो. पुसून टाकली की झाले. वडीवर तेलाचा थर तरंगला तर ढवळणे कमी पडले किंवा वजन चुकले असे समजावे. वडी कापताना आत पाण्याची डबकी किंवा पांढरे कठीण खडे आढळले, तर ती वडी वापरू नये. तो मोकळा सोडा असण्याचा संभव आहे. ओल्या वडीला पी.एच. कागद लावून पाहावा. चांगल्या साबणाचा आकडा साधारण ९ ते १० च्या दरम्यान येतो. ११ च्या वर गेल्यास तो साबण अंगाला लावू नये.

येथे एक घरगुती समज दूर केला पाहिजे. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. हळद अल्कलीने लाल होते आणि चांगला साबणही अल्कलीधर्मीच असतो. तेव्हा हळदीने साबणाचा चांगुलपणा तपासता येत नाही. याच कारणाने साबणात हळद घातली तर मिश्रण प्रथम लालसर दिसते. पिवळ्याधमक वडीची अपेक्षा ठेवू नये. लिंबाचा रस किंवा आंबट ताक घातल्यास त्यातील आम्ल सोड्याचा काही भाग खाऊन टाकते आणि हिशेब बिघडतो.

महिन्या-दोन महिन्यांनी वडीवर नारिंगी ठिपके पडले आणि खवट वास आला, तर शिल्लक तेल खवट झाले असे समजावे. दुधाचा साबण कोरड्या जागी ठेवावा आणि वर्षभराच्या आत वापरून संपवावा. विंधन विहिरीच्या जड पाण्यात त्याचा फेस कमी येतो आणि बादलीच्या काठाला पांढरट मळी धरते. हा दोष साबणाचा नसून पाण्यातील चुना व मॅग्नेशियम यांचा आहे.

बाजारात तयार ‘सोप बेस’ मिळतो. तो वितळवून साच्यात ओतला की वडी होते आणि कॉस्टिक सोड्याला हात लावावा लागत नाही. घरी लहान मुले असल्यास हा मार्ग अधिक बरा. मात्र त्यात वरून ताजे दूध ओतू नये. तेथे दुधावर क्रिया करणारा सोडा उरलेला नसतो. त्यामुळे ते दूध वडीतच नासते. दुधाचा अंश असलेला तयार बेस घ्यावा, हे उत्तम.

अपघात झाल्यास

सोडा किंवा कच्चे मिश्रण कातडीवर पडल्यास भिजलेले कपडे तत्काळ दूर करावेत आणि ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धरावी. लिंबू, व्हिनेगर, हळद, तूप यांतील काहीही लावू नये. डोळ्यात गेल्यास पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाण्याची धार सोडावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. या सोड्याने दृष्टी जाऊ शकते. कोणी तो गिळल्यास ओकारी काढू नये, कारण वर येताना तो अन्ननलिका पुन्हा जाळतो. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि क्षणाचाही विलंब न करता रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. डॉक्टरांना सोड्याची पुडी किंवा डबा दाखवावा.

घरापुरते आणि विक्रीसाठी

घरच्या वापरापुरता साबण करणे ही एक गोष्ट. तो विकणे ही दुसरी. अंगाला लावावयाचा साबण विक्रीसाठी तयार करावयाचा तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार परवाना लागतो. आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडे मागावा लागतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, घटक, निव्वळ वजन, किंमत, खेपेचा क्रमांक आणि तारखा असाव्या लागतात. साबणाने रोग बरा होतो असे वेष्टनावर छापणे हे ग्राहकाची दिशाभूल करणारे तर आहेच, शिवाय कायद्याच्या कचाट्यात नेणारेही आहे. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, २०११ पासून कार्य करणारे ‘उमेद’ अभियान आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे गटांनी आधी चौकशी करावी आणि मगच भांडवल घालावे.

या धंद्याचा हिशेबही डोळे उघडे ठेवून मांडावा. वरील प्रमाणाने १ किलो दुधात सुमारे ऐंशी वड्या होतात. याचा अर्थ असा की, खर्चाचा भार दुधाचा नसून तेलाचा आहे. आणि साबण हा वाढीव दूध खपविण्याचा मार्गही नव्हे. उस्मानाबादी शेळी आपल्या मराठवाड्याची भूषण. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले तरी शेळीची जात त्याच जुन्या नावाने ओळखली जाते. ती मुख्यतः मांसासाठी पाळली जाते आणि तिचे दूध बेताचेच असते. दोन शेळ्यांच्या घरात त्या दुधावर पहिला हक्क करडांचा आणि घरातील लेकरांचा. एका खेपेस लागणारे दूध पेलाभरही नाही. तेवढे बाजूला काढता येईल. पण साबणाची मागणी वाढली म्हणून मुलाचा पेला रिकामा राहू लागला, तर त्या मिळकतीला मिळकत म्हणता येणार नाही.

वर्ग संपण्याच्या दिवशी त्या ताई पुन्हा आल्या. या खेपेस डब्याऐवजी कागदात गुंडाळलेली एक वडी त्यांच्या हातात होती. रंग किंचित तपकिरी, कडा ओबडधोबड. “सहा आठवडे थांबले,” त्या म्हणाल्या, “आणि काटा आणला.” बाईंनी वडीला कागद लावला, आकडा पाहिला आणि वडी नळाखाली धरून स्वतःचे हात धुतले.

दुधाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतील. घरी साबण करू इच्छिणाऱ्या भगिनींनी मात्र काटा, चष्मा आणि सबुरी या तीन गोष्टी आधी जमवाव्यात. दूध त्यानंतर घ्यावे.